चालशे

फोन हंसाबेनचा होता. बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीत भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. एरवी त्या फोनवरही अंगणातून हाक मारल्यासारख्या बोलतात. त्या सकाळी आवाज अगदी बारीक होता. "बेटा, काका ओटला पर बेठा हता... चा मांगी... पछी बोल्याज नहीं." आईला रोजच्यासारखं फिरवून आणून माझे वडील, आमचे अण्णा, ओट्यावर बसले, त्यांनी चहा मागितला आणि चहा बाहेर यायच्या आत ते गेले. पुण्याहून बडोद्याला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आता आईला चालवणार कोण? रडू त्यानंतर आलं.

बडोद्यात राहणाऱ्या माणसाचं 'चालशे' या शब्दावाचून पान हलत नाही. दूध उशिरा आलं, चालशे. नळ गळतोय, चालशे. आम्हा मराठी घरांतही 'चालेल'पेक्षा 'चालशे'च जास्त. अण्णांसमोर मात्र दोन्ही शब्दांना बंदी होती. सैन्यात उमेदीची सगळी वर्षं काढून सुभेदार म्हणून घरी आलेला माणूस तो, 'चालशे' ऐकलं की त्यांच्या मिशा ताठ व्हायच्या. लहानपणी आम्ही शहरातल्या वाडी भागात भाड्याच्या खोल्यांत राहायचो तेव्हा ते सुट्टीवर आले की माझी वेणी स्वतः घालत, आईला तेवढीच विश्रांती म्हणून. वेणी इतकी घट्ट की माझ्या भुवया वर चढायच्या. "अण्णा, थोडी सैल चालेल," मी रडकुंडीला येऊन म्हणायची. "नाही चालणार," मागून उत्तर यायचं आणि आणखी एक पीळ बसायचा. ती वेणी शाळा सुटल्यावरही जशीच्या तशी असे, हेही सांगायला हवं.

निवृत्तीनंतर त्यांना परगावी चांगली नोकरी मिळत होती. त्यांनी बडोद्यातच, गोरव्याच्या एका कारखान्यात फाटकावरची देखरेख पत्करली आणि सायकलवर जाऊ-येऊ लागले. "इतकी वर्षं हिनं एकटीनं घर ओढलं. आता घर सोडून जाणार नाही," एवढंच म्हणाले. आमची समाची सोसायटी मग त्यांच्या तावडीत सापडली. घरापासून फाटकापर्यंतच्या वाटेला त्यांनी तिरप्या विटा लावल्या आणि त्यांना, झाडांच्या बुंध्यांना, दिसेल त्या दगडाला चुना फासला. फौजी माणसाला चुन्याची बादली दिली की तो थांबत नाही. "काकाए आखी सोसायटीने चूनो लगाड्यो," हंसाबेन हसून हसून सांगत आणि अण्णाही हसत.

मग आईला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. डॉक्टर भले होते, त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. बसत्या होतील, चालण्याचं सांगता येत नाही, म्हणाले. आम्ही तिला घरी आणलं. तेवढ्यात हंसाबेन अण्णांना म्हणाल्या, "चालशे, काका. काकी चालशे." आता मिशा ताठ होणार, असं वाटलं. अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले... आणि म्हणाले, "हां बेन. चालशे." हा शब्द त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, आधी काठी, मग अधू डावा पाय, मग उजवा. अण्णांना केवढा आनंद! "फौजेतही डाव्यापासूनच सुरुवात!" आईचा जन्म उजवं पाऊल पुढे टाकण्यात गेलेला, ती त्या अवस्थेतही भांडली. शेवटी तह झाला: बाहेर पडताना डावा, घरात शिरताना उजवा. रोज सकाळी त्या विटांच्या कडेनं दोघं निघायची. आज या विटेपर्यंत, चार दिवसांनी पुढच्या. "एक-दो-एक, एक-दो-एक..." आई रडायची, त्यांना नाही नाही ते बोलायची. ते म्हणायचे, "रड. पण उभी राहून रड." कारखाना सोडला, गावाला जाणं सोडलं, ही एक वाट धरली. एके दिवशी मला पुण्याला अण्णांचा फोन आला, आई फाटकापर्यंत गेली होती.

ते गेले आणि आई बसली ती बसलीच. माणसं भेटायला आली, कुणीतरी चाकाची खुर्ची आणून ठेवली. आता या वयात खुर्ची चालेल, सगळे म्हणाले. मी रजा वाढवली. समजावलं, रागावले, एकदा 'एक-दो-एक'सुद्धा म्हणून पाहिलं. तिनं तोंड फिरवलं. "ते तुझ्या तोंडून नको." मला अण्णांचा संताप आला. तिचं चालणं स्वतःच्या आवाजाला बांधलं आणि आवाज घेऊन गेले! पण मी त्यांचीच मुलगी. ती चालेपर्यंत इथून हलायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

जिन्याखालच्या खिळ्याला त्यांचा चुन्याचा कुंचा टांगलेला असतो. दांडा निसटू नये म्हणून त्याला जुन्या बुटाची नाडी करकचून गुंडाळलेली, माझ्या वेणीसारखी. विटांवरचा चुना उडाला होता. गेल्या आठवड्यात मी बादलीत चुना कालवला आणि वाट रंगवायला बसले. आई ओट्यावर खुर्चीतून बघत होती. काम उरकून मी कंबर सरळ केली.

"एक बाजू राहिली," आई म्हणाली.

"कुठली?"

"ती, झाडाजवळच्या विटेची. मागची."

"चालेल गं आई. कुणाला दिसतंय?"

"नाही चालणार."

तिनं काठी मागितली. कुंपणापलीकडे हंसाबेन तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. मी हात पुढे केला, तो तिनं बाजूला सारला. पायरीवरून आधी काठी उतरली, मग डावा पाय, मग उजवा. ओठ हलत होते, आवाज नव्हता. झाडापाशी पोचायला तिला खूप वेळ लागला. पोचल्यावर ती दम खात उभी राहिली, डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू दिलं आणि काठीचं टोक विटेवर टेकवून म्हणाली, "ही."