ताईची हजेरी

लग्नाच्या फिल्म कापता कापता कात्रीमामांचं खरं नाव केव्हाच गळून पडलं होतं. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, पडदे ओढून, हा माणूस तीस वर्षं लोकांची लग्नं कापत बसला होता. हात असा सफाईदार, की नवरदेवाची जांभई खुद्द नवरदेवालासुद्धा सापडायची नाही. आणि अशा माणसाने स्वतःच्या भाच्याच्या लग्नात काय दिवे लावावेत? सख्ख्या मोठ्या बहिणीला, म्हणजे नवरदेवाच्या आईला, अख्ख्या फिल्ममध्ये एकदाच दाखवलं. तेही पाठमोरं!

झालं. ताईने अबोला धरला तो अकरा वर्षं धरला. एका खोलीत बसून ती नवऱ्याला म्हणायची, "अहो, त्याला सांगा, चहा गार होतोय." भावोजी मान वळवून सांगायचे, "चहा गार होतोय." मामा म्हणायचे, "तिला सांगा, पितोय." बिचाऱ्या भावोजींचा नुसता टेलिफोन झाला होता.

तेव्हापासून मामांनी हजेरी सुरू केली. फिल्म तयार झाली की शेवटचं एकदा लावायची आणि नातेवाईक दिसला की पडद्यावर बोट टेकवायचं. आत्या, आली. काका, आले. हजेरी झाली की फिल्म बंद. मग ती पुन्हा बघायची नाही, हा मामांचा नेम.

आता ताईच्या मुलीचं लग्न झालं आणि फिल्म मामांकडेच आली. भावोजींनी निरोप आणला, "ती म्हणते, बघूच." लहानपणापासून ताई मामांना "गाढवा" म्हणायची. ते एकदा पुन्हा कानावर पडावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटरने राम म्हटला. मामांच्या मुलीने टॅबलेट आणून दिला. "बाबा, मोठमोठे एडिटर आता यावरच काम करतात."

"माउस कुठंय?"

"तुमचं बोटच माउस."

मामांनी आपलं बोट चष्मा लावून निरखलं. पहिल्या दिवशी चिमटीने चित्र मोठं करायला गेले, तर अख्खं वऱ्हाड आडवं झालं. पण तिसऱ्या दिवशी गाडी रुळावर आली. भाचीचं एक गोड हसू दोनदा घ्यायचं होतं, म्हणून त्यांनी 'डबल'चं बटण चालू केलं. ते चालू असलं की ज्या तुकड्याला बोट लागेल, त्याची एक प्रत फिल्मच्या शेवटी जाऊन चिकटते. ती उचलून हवी तिथे ठेवायची. हसू झकास बसलं. बटण बंद करायचं मात्र मामा साफ विसरले.

मग हजेरी. या वेळी बाकीचे गेले उडत, फक्त ताई! ताई दिसली की बोट. खात्री नको का? म्हणून तीन-तीनदा बोट. नवरानवरी गाडीत बसून गेली तेव्हा मोजणी एक्केचाळीसवर पोचली होती. मामांनी खूश होऊन टॅबलेट मिटला.

रविवारी सकाळी ताईच्या बैठकीत टॅबलेट टीव्हीला जोडला. फिल्म झाली, गाडी गेली, टाळ्या पडल्या. ताई खुर्चीतून हलली नाही. "अहो, त्याला सांगा, ठीक आहे."

"ठीक आहे," भावोजी म्हणाले. मामांचा चेहरा पडला.

इतक्यात पडद्यावर ताई शिंकली. पुन्हा शिंकली. तीच शिंक तिसऱ्यांदा. मग ताई चष्मा शोधू लागली, जो तिच्या कपाळावरच होता. तीनदा शोधला. मग लाइटवाल्याला झापलं, तीनदा. जावई हसून हसून सोफ्यावरून खाली घसरले. मामांना दरदरून घाम फुटला. बंद करायला त्यांनी घाईघाईने बोट लावलं, तर मागे आणखी एक ताई वाढली!

ताई उठली आणि थेट मामांसमोर येऊन उभी राहिली. भावोजींनी सवयीने तोंड उघडलं, "ती म्हणते..."

"तुम्ही गप्प बसा हो," ताई म्हणाली. तिचे ओठ थरथरत होते. हसू होतं की रडू, तिचं तिलाच माहीत. "गाढवा," ती मामांना म्हणाली, "पुन्हा लाव."

मामांना भरून आलं. त्यांनी डोळे पुसले आणि ओलं बोट तसंच काचेवर टेकवलं. पडद्यावर आणखी एक ताई शिंकली.