चाचांच्या ड्रममधलं मेण

दिग्रसमध्ये गार झालेल्या चहाची रीतसर चौकशी करणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा शेजारी आहे. भरला कप हातात धरून हे रेडिएटरवाले चाचा विचारणार, "मास्तर, याची गर्मी गेली कुठं?" मी भूगोल शिकवून रिटायर झालेला माणूस, मला काय ठाऊक! एका लग्नात यांनी भाताच्या ढिगात बोट खुपसून पाहिलं. वरून गार, आत चटका. आचारी झारा घेऊन धावला, पण चाचा खूश. "पाहा, अंदरची गर्मी बाहेर येऊनच नाई राह्यली!"

सगळा खटाटोप चाचींसाठी. हिवाळ्यात त्यांचे सांधे आखडतात, पहाटे नमाजाआधी गार पाण्याने हात धुतले की बोटं ठणकतात. गॅस पेटव म्हटलं तर चाची म्हणणार, "दोन लोट्यांसाठी कायले?" म्हणून चाचांनी गच्चीवर मेणाचा ड्रम बसवला, त्यातून पाण्याची नळी फिरवली, भोवती जिनिंगमधला कापूस गुंडाळला. दिवसा सोलरच्या गरम पाण्याने मेण वितळवायचं, पहाटे त्याच मेणाच्या उबेवर पाणी तापवायचं. ऐकायला झकास! पण मेण पक्कं कंजूष. नळीला चिकटलेलं तेवढं वितळायचं, बाकीचं दगड. पहाटे तेवढंच आधी थिजून नळीला घट्ट बसायचं आणि पाणी गारच्या गार.

"गर्मी लाजरी पाहुनी हाये, मास्तर. दारातच बसून राह्यते. तिले हात धरून अंदर न्या लागते." मग त्या मेणात काय काय बुडालं म्हणता! तांब्याच्या तारा, भांडी घासायच्या घासण्या, आमच्या हिची ॲल्युमिनियमची चाळणी. ही अजून बोलते त्यावरून. असे चार हिवाळे गेले. जन्मभर ज्याने गळक्या रेडिएटरांना झाळ देऊन भोकं बुजवली, त्याला रेडिएटरच आठवू नये? शेवटी यंदा नळीच्या जागी ट्रॅक्टरचं जुनं रेडिएटर अख्खंच्या अख्खं मेणात उतरवलं. त्याच्या पातळ पत्र्यांच्या दाट जाळीत मेण शिरलं आणि सगळीकडे ऊब पोचायला लागली.

त्या पहाटे चाचांनी भिंतीवरून हाक मारली. स्वेटर चढवून गेलो, तर मोरीतल्या नळाच्या पाण्याला वाफ येत होती. चाचींनी भीत भीत एक हात धरला आणि तसाच धरून ठेवला. मोहल्ल्यात कुणाचा नळ थेंबभर गळला तरी खडसावणारी ही बाई! पाणी वाहत होतं, त्या हलेनात, आणि चाचाही नळ बंद करायला गेले नाहीत.

मला फार बरं वाटलं, खरं सांगतो. चाचा मात्र चाचींच्या वाकड्या झालेल्या बोटांकडे पाहत होते. "चार हिवाळे लेट झालं गा, मास्तर," ते हळूच म्हणाले.

"थंडी अजून लय बाकी हाये," चाची म्हणाल्या, आणि त्यांनी दुसराही हात नळाखाली धरला.