दाढदुखीचं नाव 'प्रतीक्षा'

उस्मानपुऱ्यात आमच्या घराजवळ, एका मोबाइलच्या दुकानाच्या वर, फोटोंची गॅलरी आहे. कॉलेजात शिकवून परतताना मी तिथं डोकावते. खरं सांगायचं तर नावं ठेवायलाच जाते. आधी वेरूळचं कैलास, मग पावसातलं वेरूळ, मग धुक्यातलं. लेणं कोरणाऱ्यांच्या पिढ्या खपल्या आणि या फोटोवाल्यांनी बटण दाबून त्याचं कॅलेंडर केलं. त्यानंतर म्हाताऱ्यांची साथ आली. सुरकुत्या दिसल्या की कला झाली, रंग काढून टाकले की ती थोर झाली, अशी या मंडळींची समजूत.

गेल्या हिवाळ्यात 'मातीची माणसं' नावाचं प्रदर्शन लागलं. आत शिरले तर समोरच्या भिंतीवर माझी काकू. धाकट्या चुलत्यांची बायको. गावाकडं त्यांची मेंढरं आहेत. गालावर हात, डोळ्यांत पाणी, मागं कळप. खाली पाटी: प्रतीक्षा.

खादीच्या कुडत्यातले फोटोग्राफर शेजारीच चहा पीत होते. ही कुणाची वाट बघतेय, मी विचारलं. पावसाची, ते म्हणाले; मग जरा विचार करून, कदाचित न्यायाची.

"तिची दाढ दुखत होती," मी म्हणाले. "माझी काकू आहे ती. गालाला असा हात लावून होती, त्याच आठवड्यात मी तिला डॉक्टरकडं नेलं होतं."

माणूस जरासुद्धा ओशाळला नाही. कलेला असल्या तपशिलांचं बंधन नसतं, असं मलाच समजावून सांगितलं.

घरी येऊन मी काकूला फोन केला. ती चिडेल अशी माझी अपेक्षा होती. तिला फोटो बघायचा होता. रविवारी ती एसटीनं आली, नवं लुगडं नेसून. फोटोपुढं बराच वेळ उभी राहिली. दोन-तीन जणांनी तिच्यासोबत सेल्फी काढले. विचारलं मात्र कुणी काही नाही. मेंढरं झकास आलीत, पण गाल सुजलेला दिसतोय, असं तिचं मत पडलं. मग ती सरळ फोटोग्राफरकडं गेली.

"आता दाढ काढलीय. परत एक नीट काढा," असं म्हणून पदर सारखा केला आणि भिंतीपाशी ताठ उभी राहिली.

असा उभं राहून काढलेला फोटो खरा नसतो, असं तो सांगू लागला.

"मी खरीच उभी हाय की," काकू म्हणाली.

कॅमेरा आणलेला नाही, असं पुटपुटत तो दुसऱ्या पाहुण्यांकडं वळला. मी काकूला रिक्षात बसवलं आणि गुलमंडीतल्या एका स्टुडिओत नेलं.

तिथल्या माणसानं तिला खुर्चीवर बसवलं, हनुवटी वर करायला लावली, आणि फोटो हातात दिला तेव्हा त्यात काकूचा चेहरा पिठासारखा गोरा झाला होता. मागं बर्फाचे डोंगर. इतका भिकार फोटो मी त्या गॅलरीतही पाहिला नव्हता.

"लई झ्याक आलाय," काकू म्हणाली. गावी जाईपर्यंत तिनं तो मांडीवरून खाली ठेवला नाही म्हणे. मीही तिला तेव्हा 'व्हय, झ्याक' म्हटलं होतं.