नवं वाक्य, मगच बाहेर

निवृत्त झाल्यावर अभ्यासक्रम-बिभ्यासक्रम सगळं विसरायला होतं, पण स्टाफरूममधलं हसणं तेवढं डोक्यात राहतं. माझ्याकडे तर एकट्या शेख सरांचेच इतके किस्से साठलेत, की कुणी चहाला आलं की एखादा बाहेर पडतोच!

न्हावऱ्याच्या शाळेत मी गणित शिकवायचे, शेख सर इंग्रजी. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सर रोज दौंडहून एसटीनं यायचे. वडील रेल्वेत, त्यामुळे इंग्रजी त्यांना कॉलनीत खेळता खेळताच आलेलं. आमच्या मुलांना मात्र ‘गो म्हणजे जाणे’ एवढंच पाठ! म्हणून सरांनी दहावीच्या वर्गाला नियम घातला. तास चालू असताना बाहेर जायचंय? मग ‘गो’ वापरून एक नवं वाक्य सांगा. आधी कुणी सांगितलेलं चालणार नाही!

*

पहिल्या आठवड्यात कुत्रा गेला, एसटी गेली, मामा पुण्याला गेला. सोपी वाक्यं संपली. मग एक दिवस बाळू उभा राहिला, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर.

"सर, आय गो, यू गो, ऑल गो... सर, प्लीज गो!"

"यात नवीन काय आहे रे?"

"सर, घाई नवी हाय!"

सर हसत सुटले आणि बाळू पळत सुटला. खरं सांगायचं तर ज्याला खरोखर निकड असे, त्याला ते नुसती मान हलवून सोडत. असा कडक माणूस मी दुसरा पाहिला नाही!

*

एकदा वर्गातला एकुलता एक पंखा थांबला. पाच पोरं एकदम ओरडली, "लाइट हॅज गॉन!"

वाक्य बरोबर, शिवाय नवं. पण पहिलं कोण बोललं? यावर अशी काही जुंपली, की सर खुर्चीत बसून शांतपणे ऐकत राहिले. तेवढ्यात पंखा पुन्हा गरगरायला लागला.

सर म्हणाले, "आता वाक्य खोटं झालं. बसा सगळे!"

*

शैलाचा भाऊ कारेगावात खोली करून राहायचा, कंपनीत कामाला. सुट्टीला तो घरी येऊन गेला आणि सोमवारी शैला उठली.

"सर, मशीन गोज खटाक-खटाक!"

वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत.

"अरे, हे तर मी शिकवायचंच विसरलो होतो! आवाज करण्यालाही गो म्हणतात. तुला कुणी सांगितलं गं?"

"भाऊचा सायब असंच म्हनतो, सर."

खूश होऊन सरांनी तिचं अख्खं बाक सोडलं. पोरांसमोर ‘मी विसरलो’ म्हणायला मोठं मन लागतं, आणि ते त्यांच्याकडे होतं.

पण मग काय विचारता! दुसऱ्या दिवशी गाय गोज हम्मा, बकरी गोज में-में. भिंतीपलीकडे माझं भूमितीचं प्रमेय चाललेलं. शेवटी मी तणतणत दारात गेले.

"सर, जरा आवाज! मी जाते, पण हे थांबवा."

अख्खा वर्ग म्हणाला, "बाई, आधी वाक्य!"

*

त्याच वर्गात कमल होती. घरच्यांनी मेंढरं सोडून शेती धरलेली. पोरगी हुशार, पण तोंड उघडायची नाही. वाक्य बोलावं लागेल म्हणून अख्ख्या वर्षात ती एकदाही बाहेर जायला उठली नाही. सर मला म्हणायचे, "बाई, हिच्यापुढे माझा नियम हरला."

फेब्रुवारीत तिचे आबा वर्गाच्या दारात आले. मी खडू मागायला गेले होते, तिथंच थांबले.

"सर, कमलला नेतो. कांदं काढायचं हायेत, मानसं मिळंनात."

"आबा, परीक्षा तोंडावर आलीय."

"पुढल्या साली दील की."

तिची थोरली बहीण अशीच कांद्यापुरती गेली होती, ती शाळेत परत आलीच नाही. हे सरांना माहीत होतं, मलाही.

सर म्हणाले, "आबा, या वर्गात एक नियम आहे. ज्याला जायचंय, त्यानं स्वतः इंग्रजीत वाक्य सांगायचं. कमल, ऊठ."

कमल उठली. बाकाची कड घट्ट धरलेली.

"आय विल नॉट गो."

आबांनी सरांकडे पाहिलं.

"काय म्हनली?"

"तिलाच विचारा."

"आबा, मी न्हाई येनार," कमल म्हणाली. "रविवारी कांदं काढू लागते. परीक्षा झाली की मग रोज."

आबांनी मुंडासं सारखं केलं आणि सरांना म्हणाले, "आन् मला जायाला बी वाक्य लागंल का?"

"नियम सगळ्यांना, आबा."

आबा कमलजवळ गेले, कान तिच्यापुढे केला. तिनं हळूच काहीतरी सांगितलं.

"आय गो," आबा मोठ्यानं म्हणाले, आणि एकटेच निघाले.