रिंगेआडून बोलणारी बाई

माणसाला तोंड असतं ही गोष्ट आमच्या कानवाल्या बाईला बहुतेक कुणी सांगितलेलीच नाही. तिच्या लेखी माणूस म्हणजे दोन कान आणि ते टेकवायला खाली दिलेला आधार. बोरिवलीला एका चष्म्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर तिचा दवाखाना आहे. ती कान तपासते आणि कानात घालायचं मशीन बसवून देते. डॉक्टर म्हटलेलं तिला चालत नाही. "मी ऑडिओलॉजिस्ट," म्हणते. तो शब्द माझ्या जिभेला झेपत नाही, म्हणून मी नुसतं बाई म्हणतो. एकदा बाजारात मी मेथीची जुडी उलटीपालटी करत उभा होतो, तर मागून येऊन कुणीतरी सरळ माझा डावा कान धरला. "परत बड घातलंत ना आत? खोटं बोलू नका काका, दिसतंय मला." भाजीवाली जुडी हातात धरून बघतच राहिली, तिला वाटलं सून असेल. कान सोडल्यावर बाईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, तुम्ही होय!" म्हणजे कान आधी ओळखला, माणूस नंतर.

कानात काही घातलेलं तिला खपत नाही. तिच्या टेबलावर लोणच्याची एक मोठी काचेची बरणी आहे आणि पेशंटांनी ज्या ज्या वस्तूंनी कान कोरले, त्या तिनं जप्त करून त्या बरणीत टाकल्यात. काड्या आणि केसांचे आकडे तर आहेतच, पण पेनाची टोपणं आहेत, स्कूटरची एक चावी आहे, एका बाईंच्या विणायच्या सुईचा तुकडा आहे. चावीवाला बिचारा घरी चालत गेला. बाई म्हणाली, "चालू दे. कान राहिला ना जाग्यावर?" असं तोंडावर बोलणारं माणूस मला आवडतं. मीही सातवीपर्यंतच शिकलो, गोड बोलायचं पुढच्या इयत्तेत शिकवत असतील.

बाई स्वतः मात्र अजून शिकतेय. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, तरी दर दोन-तीन महिन्यांनी बॅग उचलून कसल्या ना कसल्या शिबिराला जाते. त्यांच्यात म्हणे असे गुण गोळा करावे लागतात, नाहीतर कामाचं लायसन पुढे चालू राहत नाही. पण गुण पुरे झाले तरी ही जातेच. सर्टिफिकिटं लावून भिंती संपल्या तेव्हा तिनं ती संडासाच्या दारावर लावायला घेतली. शिबिराहून आली की पुढचे आठ दिवस पेशंटांची वाट लागलेली असायची, कारण नवीन शिकलेलं सगळं आमच्यावर. एकदा पेशंटचं म्हणणं शांतपणे ऐकून कसं घ्यावं, हे शिकून आली. मी सांगितलं, मशीन शिट्टी मारतंय. ती मान डोलवून म्हणाली, "हं. मग तुम्हाला काय वाटलं?" मला काय वाटणार, शिट्टी मारतंय असं वाटलं. ती पुन्हा नुसती मान डोलवत राहिली. शेवटी आमच्या हिनं विचारलं, "गो बाय, तुका बरा नाय काय?" दुसऱ्या एका शिबिरानंतर पेशंटचं दुःख कळावं म्हणून दर शनिवारी स्वतःच्या कानांत बोळे घालून ती दिवसभर हिंडायला लागली. दूध उतू गेलं, रिक्षावाल्याशी भांडण झालं, बेल वाजवून वाजवून बहीण दारातून परत गेली, तरी शनिवार सोडला नाही.

आता आमची ही कोण ते सांगायला हवं. ही म्हणजे माझी बायको. आम्ही दोघं मिलमधले. मी साचेखात्यात विणकर, ती सूत गुंडाळायच्या वायंडिंगला. साचेखात्यात शेकडो माग एकदम धडधडतात, तिथं तोंडातून आवाज काढणं म्हणजे वेडेपणा. तिथला माणूस आवाज न करता नुसतं तोंड हलवून बोलतो आणि समोरचा ते ओठांवर वाचतो. तीस फुटांवरून "चहाला येतोस काय" विचारता येतं आणि शिवीही देता येते. आमचा संसार त्याच बोलीत झाला. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही जन्मभर भांडलो, पण शेजाऱ्यांना एक शब्द कळला नाही. लोक म्हणायचे, काय गुणी जोडपं! मिल बंद झाली, माझे कान मागाबरोबरच गेले होते, हिचे बरेच वाचले होते, पुढे पोरानं दिंडोशीला घर घेतलं, पण बोली सुटली नाही. मला कुणी काही विचारलं की मी आधी हिच्या तोंडाकडे बघायचो. ती त्या माणसाचा शब्द न शब्द ओठांवर घ्यायची आणि मी उत्तर द्यायचो. ती हे करते हे तिला माहीत नव्हतं, आणि मी बघतो हे मलाही कधी जाणवलं नाही.

मला मशीन बसवलं तेव्हा बाईनं अभ्यास दिला. रोज दहा आवाज वहीत लिहून आणायचे. मी लिहिलं, पंखा, माझीच चप्पल, ही तांदूळ धुते तो, शेजारणीचं भांडण (आधी नुसतं दिसायचं). बाईनं त्या वहीवर लाल पेनानं "झकास" लिहिलं. मग शब्दांची परीक्षा. मी एका छोट्या बंद खोलीत बसायचो, मध्ये काच, काचेपलीकडे बाई माइकमधून पंचवीस शब्द बोलायची आणि मी ते परत म्हणायचे. तिचे ओठ बघून कुणी शब्द चोरू नये म्हणून ती तोंडासमोर भरतकामाची गोल रिंग धरायची, काळं फडकं ताणलेली. पहिल्या दिवशी ते फडकं बघून आमची ही उठली. "गो बाय, ह्या जाड फडक्यान तुझो आवाज दबता. दी माका." पुढच्या खेपेला तिनं त्या रिंगेवर स्वतःच्या जुन्या ओढणीची काळी जाळी बसवून आणली, कडेनं बारीक टाके घालून. आवाज अडत नाही आणि ओठ दिसत नाहीत. बाई इतकी खूश झाली की जाळी पुढच्या शिबिरात दाखवून आली.

परीक्षेत मला पंचवीसपैकी तेवीस मिळाले. पुढच्या वेळीही तेवीस. बाईला आनंद मावेना. "मिलमधल्या माणसाचे कान इतके गेलेले, आणि शब्द असे पकडतात! काका, तुमचा मेंदू सोन्याचा आहे." मला सातवीत कुणी असं म्हटलं नव्हतं. तिनं माझा कागद शिबिरात पडद्यावर दाखवला. मशीन नीट बसवलं की काय होतं बघा, म्हणून.

मागल्या वर्षी ही गेली. तीन दिवस तापाचं निमित्त झालं, आणि संपलं. त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

त्यानंतर मला कुणाचंच बोलणं कळेना. मशीन कानात, आवाज येतोय, पण त्याचे शब्द होईनात. पोरगा विचारायचा एक, मी सांगायचो दुसरं, नाहीतर नुसता बघत राहायचो. तो बोलतो तेही बुटाची नाडी बांधता बांधता, फ्रिजमध्ये डोकं घालून. महिनाभरानं मी त्याच्या तोंडाकडे बघत असताना तो फोनवर कुणाला तरी म्हणाला, "आई गेल्यापासून बाबांचं डोकं चालत नाही." हे मात्र मला नीट वाचता आलं. विसरण्याच्या आजाराच्या डॉक्टरची वेळ त्यानं घेतली होती. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटायला लागलं होतं. रात्रंदिवस धडधडणाऱ्या मागाला मी भ्यालो नाही, पण आपलं डोकं आपल्या हातून सुटतंय या विचाराला भ्यालो.

त्या डॉक्टरकडे जायच्या आधी मी एकटाच बसनं बोरिवलीला गेलो. बाईनं परीक्षा घेतली. नऊ. तिनं पुन्हा घेतली. आठ. तिनं मशीन उघडून साफ केलं, बदलून दुसरं लावलं, तिचं तपासायचं यंत्रच बिघडलं म्हणून कारागीर बोलावला. यंत्र ठणठणीत. म्हणजे बिघडलेलं मीच. मी म्हटलं, "बाई, डोक्याच्या डॉक्टरकडे जाऊ दे मला." ती ओरडली, "गप बसा हो काका! तपासणीच्या कागदावरच्या रेघा मागच्यासारख्याच आहेत. कान तेवढंच ऐकतायत. मग शब्द गेले कुठे?"

मग तिनं जे केलं ते फक्त तीच करू शकते. तिनं दवाखाना बंद केला, बाहेर बसलेल्या चार पेशंटांना उद्या या म्हणून सांगितलं, आणि मला म्हणाली, "तेवीस मिळाले त्या दिवशी कोण कुठे होतं ते मला करून दाखवा. खुर्चीसकट." मी आत माझ्या जागी बसलो. ती तिच्या जागी. मी काचेतून बोट दाखवलं. तिच्या खुर्चीच्या मागे, जरा डावीकडे, एक लाकडी स्टूल होतं.

"तिथं ही बसायची."

"बसून काय करायच्या?"

"काय करणार? तुम्ही बोलायच्या ते बोलायची."

"मला तर कधी आवाज आला नाही."

"आवाज कशाला? तोंडानं."

बाई उठून त्या स्टुलावर जाऊन बसली. तिथून काचेतून माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं आवाज न करता हळूच एक शब्द म्हटला. मी मोठ्यानं म्हणालो, "मीठ." तिनं दुसरा म्हटला. "दोरी." तिसरा, चौथा. सगळे बरोबर. तिनं हातातली रिंग मांडीवर ठेवली.

"काका, मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही म्हणालात, ऐकू येईल तो शब्द सांगा. मला हिच्याकडूनच ऐकू येतं. पहिल्यापासून."

मला तर यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. आणि गंमत बघा, जिनं स्वतःच्या ओढणीची जाळी बसवून बाईचे ओठ झाकले, तीच मागे बसून मला सगळे शब्द पुरवत होती. तिला कुणी चोरी म्हटलं असतं तर तिनं त्याच स्टुलानं त्याला मारलं असतं.

बाईनं स्वतः फोन करून पोराला बोलावून घेतलं. त्याच्या कानांत बोळे घातले, त्याच्याकडे पाठ केली आणि दहा मिनिटं बोलली. मग वळून बोळे काढले आणि विचारलं, "काय म्हणाले मी?" तो माझ्याकडे बघायला लागला. "मग तुलाही दाखवायचं का त्या डॉक्टरला? बाबांचं डोकं जाग्यावर आहे. त्यांच्या समोर येऊन बोलायचं, तोंड दाखवून. फ्रिजशी बोलायचं असेल तर फ्रिजला बाबा म्हण." पोरानं डॉक्टरची वेळ रद्द केली. हल्ली घरी आल्यावर बूट काढायच्या आधी माझ्यासमोर येऊन उभा राहतो आणि बोलतो. ओठ फार जोरात हलवतो, माकडासारखे, पण बोलतो.

एवढ्यावर थांबली असती तर ती बाई कसली. माझा तेवीसचा कागद तिनं शिबिरात दाखवला होता ना? पुढचं शिबिर पवईला होतं, थंडगार हॉल, गळ्यात पट्टे घातलेली पोरं-पोरी. बाई मला घेऊन गेली आणि पुढच्या रांगेत बसवलं. तिनं तोच कागद पडद्यावर लावला, मग त्यावर लाल रेघ मारली, आणि सगळं सांगितलं, स्टुलासकट. मागे एकजण हसला. बाई म्हणाली, "हसा. मी पण हसले असते. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवते आणि माझ्या खोलीत माझ्या पाठीमागे कोण बसलंय ते मी वळून बघितलं नाही. खोट्या तेवीसवरून मशीन नीट बसलं असं मी धरलं. काकू होत्या तोवर निभावलं. त्या गेल्या तेव्हा या माणसाला वेड लागलं असं ठरत होतं." नंतर चहाच्या वेळी तिच्याशी फारसं कुणी बोललं नाही. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली, दोन समोसे घेतले, आणि समोर उभ्या माणसाच्या कानाकडे बघत म्हणाली, "याच्या उजव्या कानात मळ आहे."

तिच्या दवाखान्यात आता पाटी आहे. सोबतच्या माणसानं पेशंटच्या मागे बसावं. ते लाकडी स्टूल मात्र तिनं उचललं नाही. परीक्षा चालू असताना त्यावर कुणी बसायचं नाही, एवढंच. पर्स ठेवलेलीही चालत नाही तिला.

मशीन तिनं नव्यानं लावून दिलं. सहा महिने मला अभ्यास करायला लावला, वही नवीन आणली. गेल्या आठवड्यात परीक्षा झाली. मी आत बसलो. माझी नजर आधी स्टुलाकडे गेली, तिथं काही नव्हतं, मग मी डोळेच मिटून घेतले. पंचवीस शब्द झाल्यावर तिनं दार उघडलं.

"चौदा. आणि काका, हे चौदा तुमचे. एकट्याचे."

"अकरा गेले म्हणजे."

"येतील अजून दोन-तीन. सगळे नाही यायचे."

"ते माझे नव्हतेच कधी," मी म्हटलं.

ती हातातली रिंग उजेडात धरून बघत राहिली. कडेला एका जागी टाका सुटला होता आणि जाळी जराशी वर आली होती.

"नवीन लावून घेऊ का ही? बाजारात मिळते आता."

मी रिंग हातात घेतली. सुटलेला दोरा बोटानं आत दाबला.

"कशाला?" मी म्हटलं. "अजून चालेल."