नाक्यापुढचा टांगा

"पाय काय बघताय? कान बघा, कान!"

सायकल शर्यतीतले स्वार समोरून निघाले की चाचा चाबकाचा दांडा उंचावून असे ओरडायचे. आम्ही सगळे स्वारांच्या पोटऱ्या बघत असू. चाचांचं म्हणणं, घोडं दमलं की आधी कानांवरून कळतं, तसंच माणसाचं. "कान लाल झालं की गडी संपला समजा." मग ते एखादा फिक्या कानांचा स्वार हेरून "आज ह्योच" असं जाहीर करत. तो हमखास मागे राहायचा. चाचांचा अंदाज कधी खरा ठरल्याचं मला आठवत नाही. पण पुढच्या शर्यतीला ते पुन्हा कानच बघायचे.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. खेळतो दुसराच, पण धाप याला लागते.

चाचा संगमनेरच्या स्टँडवर टांगा हाकत. गावात सायकली वाढल्या तशी त्यांची भाडी कमी झाली. एकदा मी म्हटलं, "चाचा, या सायकलींनीच तुमचा धंदा बुडवला. आणि तुम्ही त्यांच्याच मागे?"

"मास्तर," ते म्हणाले, "ज्यानं आपल्याला हरवलं, त्यो पळतो कसा हे तरी बघाया नगं?"

आमच्या भागात उसाचा हंगाम असतो, तसा आम्हा मोजक्या वेड्यांचा शर्यतींचा हंगाम असे. पौषात संगमनेरची शर्यत झाली की तो उघडायचा आणि उन्हं तापली की मिटायचा. पुण्याचे, नाशिकचे, सांगलीचे स्वार येत. सायकल दुकानांची नावं छापलेले बनियन घालून पळणारे, बक्षिसांवर घर चालवणारे. दसऱ्याला सायकलींना झेंडूच्या माळा घातल्या की आमचं वाट बघणं सुरू होई. रोज संध्याकाळी शेठच्या सायकल दुकानात बैठक. कोण येणार, कुणी दुकान बदललं, सांगलीच्या स्वाराचा गुडघा बरा झाला का. शेठ मंडळाचे अध्यक्ष होते. मी शाळामास्तर, म्हणून चिटणीस. चाचा पायरीवर बसत. वर बोलावलं तरी येत नसत. "घोडी दिसली पायजे हितनं," म्हणत.

घोडीचं नाव गुलछडी. हंगामाच्या पहिल्या शर्यतीत तिचं एक ठरलेलं काम होतं. निशाण पडलं की सगळे स्वार गावातून जकात नाक्यापर्यंत सावकाश, घोळक्याने जायचे, आणि त्यांच्यापुढे चाचांचा टांगा. टांग्याच्या पुढे कुणी जायचं नाही, असा दंडक. नाका आला की चाचा टांगा बाजूला घेत, चाबूक उंच करत, आणि मग खरी शर्यत सुटे. गावातल्या गल्लीतून जेमतेम नाक्यापर्यंत. पण तेवढ्यासाठी चाचा वर्षभर जगत. पुण्याचे नामांकित स्वार आपल्या चाकांमागून मुकाट येतात, हे त्यांना कितीही वेळा सांगितलं तरी पुरत नसे. "समदे माझ्या मागं हुते की," ते मार्गशीर्षातच सांगू लागत, जणू कालच घडलं.

बहात्तरच्या दुष्काळात प्रवरेचं पात्र कोरडं पडलं. शर्यत घ्यावी की नाही यावर दुकानात बरीच बाचाबाची झाली. शेवटी घ्यायची ठरली. स्वारांचं पोट त्यावर आहे, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. खरं कारण, दसऱ्यापासून वाट पाहिली होती.

मग शेठ म्हणाले, "टांगा नको यंदा. घोडीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. पाहुणे येणार, फोटो निघणार. लोक म्हणतील, जनावराला खायला नाही आणि यांना शर्यती सुचतात." एका कंत्राटदाराने जीप देऊ केली होती. ती पुढे ठेवायची. "मास्तर, चाचांना तुम्ही सांगा. तुमचं ऐकतात ते."

मी मान हलवली. कुणीच विरोध केला नाही, मीही नाही. गुलछडीच्या बरगड्या झाकल्या की दुष्काळ झाकला जाणार होता.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी स्टँडवर गेलो. चाचा टांग्याच्या चाकांना रंग देत होते. आरे पिवळे, लोखंडी धाव लाल. घोडीच्या कपाळावर नवे गोंडे होते. समोर बाभळीच्या शेंगा टाकलेल्या.

"या मास्तर! शेंगा आनल्या पार नदीपलीकडनं. खात न्हाई नीट. पर उद्या बघा तुमी. मागं सायकलींचा आवाज आला की कान कसं टवकारती ते!"

बोलायला तोंड उघडलं आणि तोंडातून भलतंच निघालं.

"चाचा, यंदा थोडा बदल आहे. गावातून जीप जाईल. तुम्ही नाक्यावर थांबा."

त्यांच्या हातातला कुंचला थांबला. "आन मंग?"

इथे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. "मग पुढे तुमचा टांगा," मी म्हणालो.

मनात हिशोब असा, की नाक्यावर शर्यत सुटेल, स्वार सुसाट निघून जातील, चाचा बघत राहतील आणि आपोआप समजून घरी जातील. मला काही बोलावं लागणार नाही. भित्र्या माणसाचं डोकं असंच चालतं, समोरच्याने आपलं आपण समजून घ्यावं.

"नाक्याच्या पुढं?" चाचांचा आवाज बदलला. "कुठवर?"

"घाटापर्यंत," मी म्हणालो. आता थांबणंच शक्य नव्हतं.

ते उठून उभे राहिले. "गुलछडे, ऐकलं का? घाटापर्यंत! आजवर नाक्यावरनंच माघारी फिरत हुतो." मग मला म्हणाले, "मास्तर, तुमीच बोलला असाल शेठजवळ माझ्यासाठी." त्यांनी मला हाताला धरून नेलं आणि चहा पाजला. तो मी प्यायलो.

सकाळी कडाक्याची थंडी होती. मी जीपमध्ये शेठच्या शेजारी उभा होतो. नाका आला, जीप बाजूला झाली, निशाण हललं आणि स्वार सुटले. आणि पुढे, रस्त्याच्या बरोबर मधोमध, चाचांचा टांगा निघाला.

लाल फेटा, अंगात इस्त्रीचा सदरा. ते टांग्यात उभे होते. त्यांनी लगाम सैल सोडला आणि गुलछडी खरंच दौडू लागली. कुठून आणलं तिने ते बळ! दुष्काळी कामाच्या खडीचे ढीग दोन्ही अंगांना होते. टांग्याला ओलांडून जायला वाटच नव्हती. मागून स्वार ओरडू लागले, घंट्या वाजवू लागले. खडीवर बसलेली माणसं आधी हसली, मग शिव्या देऊ लागली.

"ए म्हाताऱ्या, बाजूला घे की!"

"आरं, वरात हाय का ही?"

चाचांना वाटलं, लोक हुरूप देताहेत. ते वळून स्वारांकडे बघत होते, आणि एवढ्या गोंधळात मला त्यांचा आवाज ऐकू आला, "कान बघा! सांगलीवाल्याचं कान बघा!"

चढ लागला आणि गुलछडी पुढच्या गुडघ्यांवर बसली. टांगा आडवा झाला. मागचे स्वार खडीत घुसले, दोघे-तिघे पडले. सांगलीच्या स्वाराची सायकल दुमडली. शर्यत खोटी झाली.

जीप तिथे पोचली तेव्हा चाचा घोडीचे गुडघे फेट्याच्या टोकाने पुसत होते. शेठ खाली उतरले.

"कुणी सांगितलं तुला इथं यायला?" एरवी ते चाचांना अहो-जाहो करत.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी जीपमध्ये उभा, हातात निशाण. त्यांच्या नजरेत आरोप नव्हता, नुसता प्रश्न होता. मी काही तरी बोलेन याची ते वाट बघत होते. शेठ बघत होते. मी निशाणाची काठी न्याहाळत राहिलो.

"माझीच समजूत चुकली, शेठ," चाचा शेवटी म्हणाले. "मास्तरांनी सांगितलं येगळं असंल. म्हाताऱ्याच्या डोक्यात येगळंच बसलं."

मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "माफ करा, मास्तर. तुमची वर्षाची वाट बघनी वाया घालवली."

मी काय म्हणालो ठाऊक आहे? "असू द्या," म्हणालो.

त्यानंतर चाचा दुकानाच्या पायरीवर आले नाहीत. गुलछडीला त्यांनी राजूरकडे मेहुण्याकडे धाडलं. तिकडे डोंगरात थोडं गवत होतं. ती परत आली नाही. उन्हाळ्यात मी चाचांना नाक्यापुढे खडी फोडताना पाहिलं, आणि त्या वाटेने जाणं सोडून दिलं. शाळेला जायला मला लांबचा फेरा पडायचा. तो मी आनंदाने घेत होतो.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. दसऱ्याला सायकलींना झेंडू चढला, बैठकी बसल्या. पायरी रिकामी होती, पण तीवर कुणी बसत नव्हतं. मी मनाशी ठरवलं, पहिल्या शर्यतीला चाचा येतीलच. तेव्हा सगळं सांगायचं.

ते आले होते. मी जीपमध्ये चढलो नाही, चालत नाक्यावर गेलो. चाचा रस्त्याच्या कडेपासूनही बरेच मागे, बाभळीला पाठ लावून उभे होते. काटे सदऱ्यात रुतत असणार.

"चाचा, इतके मागे का? पुढे या."

"नगं, मास्तर. यंदा आडवा येनार न्हाई मी." ते हसले. थट्टाच करत होते. मग त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेलं.

"चाचा, मागच्या साली मी तुम्हाला..."

"कान बघा तुमचं!" ते म्हणाले. "लालभडक झाल्यात. थंडी बाधली, मास्तर. असं उघड्या डोक्यानं येत्यात का पौषात?"

नेहमीसारखाच त्यांचा अंदाज चुकला होता. तो चुकीचा आहे एवढंच सांगायचं होतं मला. पण तोवर त्यांनी आपला मफलर सोडला, माझ्या डोक्यावरून घेतला आणि हनुवटीखाली गाठ मारली, लहान मुलाला बांधतात तसा. मी बांधून घेतला.

तेवढ्यात स्वार आले. नाका ओलांडून सुटले. चाचा बाभळीला आणखी चिकटले आणि चाबूक नसलेला हात वर करून काहीतरी ओरडले. जाड लोकरीतून मला ऐकू आलं नाही. नुसते त्यांचे ओठ हलताना दिसले, आणि थंडीने फिके पडलेले त्यांचे उघडे कान.