शेजारच्या सीटवरचा ब्रेक

आमच्या भाऊजींना सगळं गाव 'मास्तर' म्हणतं. शाळेतले मास्तर नव्हेत, मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे. एकोणतीस वर्षांत आपण चार हजार माणसांना गाडी शिकवली असं ते स्वतः सांगतात. मोजायला कोणी बसलेलं नाही, त्यामुळे आकडा दरवर्षी थोडा वाढतो. चौकात जो कोणी हॉर्नवरचा हात काढत नाही, तो त्यांच्याच हाताखालून गेलेला असतो, हे मात्र ते सांगत नाहीत.

शिकवायच्या गाडीत एक जास्तीचा ब्रेक असतो. शेजारच्या सीटवर, मास्तरांच्या पायाशी. शिकणारा गडबडला की मास्तर तो दाबतात. भाऊजींचा जन्म त्या ब्रेकवर गेला. घरी सोफ्यावर बसले तरी उजवा पाय तयारीत असतो. दूध उतू जायला लागलं की आधी यांचा पाय फरशीवर आपटतो, आणि तो आवाज ऐकून माझी ताई गॅस बंद करायला धावते. गॅस स्वतः बंद करावा असं एकोणतीस वर्षांत त्यांना सुचलेलं नाही.

मी असं बोलते म्हणून कोणी रागावू नका. मी दवाखान्यात केसपेपर काढते. दिवसाला दोनशे माणसांना "पुढचे या" म्हणून जिभेला जी धार आली आहे, ती घरी येताना काढून ठेवता येत नाही.

तर ताईच्या गॅसच्या वर भिंतीला एका जुन्या कॅलेंडरचं पान आहे. डोंगर, डोंगरात तळं, तळ्यात उलटा डोंगर. वर्ष संपल्यावर तिने खालच्या तारखा कापून टाकल्या आणि चित्र ठेवलं. त्याला अकरा वर्षं झाली. फोडणीच्या धुराने एक कोपरा पिवळा पडला आहे. ताईने नवऱ्याकडे दागिना मागितला नाही, घर मागितलं नाही, हे तळं बघायचं आहे एवढंच म्हणाली. वर बस जात नाही, रस्ता अरुंद आहे, पायथ्याच्या गावात छोट्या गाड्या भाड्याने मिळतात त्याच घेऊन जायचं. भाऊजी दरवर्षी म्हणायचे, "जाऊ की. मी स्वतः चालवत नेईन तुला." आणि दरवर्षी नेमकी परीक्षेची बॅच लागायची.

यंदा ताईने कोणाला न विचारता आगगाडीची तिकिटं काढली. जायची, यायची, मधे चार दिवस. सोबत मला घेतलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

पायथ्याच्या गावात पेट्रोल पंपाला लागून पत्र्याची शेड होती. काउंटरवर स्वेटर घातलेली एक मुलगी, तिच्या मागे फळीवर चाव्या, आणि बाहेर सहा छोट्या गाड्या. कोणताही शहाणा माणूस दहा मिनिटांत एक गाडी घेऊन निघाला असता. आमच्या शहाण्या माणसाने खिशातून मोजपट्टी काढली.

"घाटात छोटीच गाडी घ्यावी," त्यांनी सुरू केलं. "वळण एका दमात घेते. समोरून कोणी आलं तर बाजू देता येते. चढाला लहान गिअर, आणि उतरताना ब्रेकवर नाही, गिअरवर उतरायचं." सगळं बरोबर होतं. मुलगीसुद्धा मान डोलवत होती. मग परीक्षण सुरू झालं. लाल गाडीचं बोनेट आखूड, पुढचा अंदाज येत नाही. पांढरीचं लांब, वळणावर आडवं येईल. निळीचे टायर गुळगुळीत. मुलीने नवे टायर दाखवले, तर ते फारच नवे, अजून रुळलेले नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मला तेव्हाच आठवायला हवी होती, पण ज्या माणसाने चार हजार लोकांना नाचायला शिकवलं त्याच्याबद्दल कोण असा विचार करतं?

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी भाऊजी टॉर्च घेऊन आले आणि गाड्यांच्या पोटाखाली शिरले. तिसऱ्या दिवशी त्यांना क्लचचा वास आला, बंद गाडीत. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. गाडी कोणतीही असो, ते आधी शेजारच्या सीटचं दार उघडायचे, वाकायचे, पाय ठेवतात तिथे हाताने चाचपायचे आणि दार लावून टाकायचे. त्यानंतर गाडीत दोष निघायचा.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना माझा संयम संपला. "भाऊजी, गाडी बघताय की जावई? एक नाकारून दुसरी, दुसरी नाकारून तिसरी. परवा सकाळी परतीची गाडी आहे."

ताईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. नंतर हात धुताना म्हणाली, "त्यांना टोचून बोलू नकोस. त्यांना वेळ लागतो."

"अकरा वर्षं झाली की गं."

"मग आणखी एक दिवस," ती म्हणाली. मला तिचाही राग आला. इतका सोशिकपणा बघितला की मला दवाखान्यातले ते पेशंट आठवतात, जे रांगेत चक्कर येऊन पडतात पण नंबर चुकला म्हणून सांगत नाहीत.

चौथ्या दिवशी शेडमध्ये फक्त लाल गाडी उरली होती, आखूड बोनेटची. बाकीच्या पाच, मोजपट्टी नसलेले लोक घेऊन गेले होते. मुलीने चावी भाऊजींच्या हातात ठेवली. "काका, आत्ता निघालात तर दुपारी वर पोचाल. अंधार पडायच्या आत खाली यावं लागतं."

भाऊजी बाहेर गेले. गाडीला एक फेरी मारली. दार उघडलं, बसले, पट्टा लावला, पाय सरसावला आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, "हं. क्लच दाबा, चावी फिरवा."

शेजारी कोणी नव्हतं. स्टिअरिंगच्या बाजूची सीट रिकामी होती आणि चावी त्यांच्याच मुठीत होती.

माझ्या ओठांवर असं वाक्य आलं होतं की ते पुढे दहा वर्षं पुरलं असतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि ते मी गिळलं. पन्नाशीपुढचा माणूस इतका उघडा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. मला वाईट वाटलं, अगदी खरं सांगते.

"मी त्या बाजूला बसलेलो नाही," ते समोर बघत म्हणाले. "लायसन्सच्या परीक्षेत चालवली तेवढीच. आठवड्याभरात शाळेत लागलो. तेव्हापासून इकडेच. चालवायला पोरं होती, आपल्याला वेळच आली नाही. आणि इथे एकदम घाट." मग ताईकडे वळून म्हणाले, "ह्या गाड्यांना इकडे ब्रेक नाही गं. एकीलाही नाही."

ताई शेडमध्ये परत गेली. तिने पर्स उघडली, प्लास्टिकचं एक पाकीट काढलं आणि काउंटरवर मुलीपुढे ठेवलं. आत तिचं लायसन्स होतं. तारीख आठ वर्षांपूर्वीची.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तिची सख्खी बहीण, आणि मलाही पत्ता नाही.

इथे एक सांगायला हवं. भाऊजींची बायकांची एक सकाळची बॅच असायची. एकटीने परक्या माणसाबरोबर कशाला, म्हणून बायका बिचकायच्या. म्हणून भाऊजी ताईला सोबतीला मागच्या सीटवर बसवायचे. अठरा वर्षं ती मागे बसून भाजी निवडत असायची. एकदा एका बाईने विचारलं, "मास्तर, वहिनींना का नाही शिकवत?" तेव्हा भाऊजी सगळ्यांसमोर हसून म्हणाले होते, "तिला घरातलं डावं-उजवं कळत नाही." ताईही हसली होती. मला वाटलं होतं, विसरली असेल.

भाऊजी गाडीतून उतरून काउंटरशी आले. लायसन्स हातात घेतलं, चष्मा वर करून वाचलं, परत वाचलं. "कोणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच. मी मागे बसायचे ना." ताईने पर्स बंद केली. "हात बसवला तुमच्या सकाळच्या बॅचमधल्या त्या शिंपीणबाईने. मी दर गुरुवारी तिच्याबरोबर कापडाचे तागे आणायला जाते, तेव्हा गाडी कोण चालवतं असं वाटलं तुम्हाला?"

"मग हे इतकी वर्षं होतं कुठे?"

"चित्राच्या मागे. तळ्याच्या."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही नेतो म्हणाला होतात," ताई म्हणाली. "मला न्यायला तुम्ही हवे होतात."

मास्तरांनी लायसन्स काउंटरवर परत ठेवलं. मुलीने सहीसाठी कागद पुढे केला आणि ताईने सही केली.

मी मागे बसले, सोबतीला, ताईच्या जुन्या जागी; मला का आणलं ते आता कळलं. भाऊजी त्यांच्या. पहिल्या वळणाला त्यांचा पाय चटईवर आपटला. दुसऱ्याला आपटला. सहाव्या वळणापर्यंत गाडीला ब्रेक जास्त लागत होते की चटईला, हे सांगणं कठीण होतं. ताई मात्र चढाला गिअर उतरवत, वळणाआधी हॉर्न देत, समोरच्याला बाजू देत चालली होती. सगळं मोजपट्टीवाल्या भाषणासारखंच, फक्त भाषण नव्हतं. समोरून सुसाट आलेल्या एका जीपला तिने दरीच्या बाजूला तसूभर सरकून वाट दिली, तेव्हा माझेही डोळे मिटले होते.

"अहो," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "पाय वर घ्या. मांडी घालून बसा."

"मांडी?"

"घाला."

आणि चार हजार लोकांच्या मास्तरांनी बूट काढले आणि सीटवर मांडी घातली. बराच वेळ हात कुठे ठेवावे ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी मान वळवली आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. एकोणतीस वर्षं चालत्या गाडीत बसणाऱ्या या माणसाने बाजूची खिडकी कधी बघितलीच नव्हती.

"अगं, ही केवढी दरी," ते हळूच म्हणाले. "बघितलीस?"

"मी कशी बघू? माझे डोळे रस्त्यावर," ताई म्हणाली. "तुम्हीच सांगा काय काय दिसतंय ते."

मग भाऊजी सांगायला लागले. त्यांना दुसरी भाषा येत नाही, त्यामुळे शिकवायच्या सुरातच सांगत होते. डावीकडे ओढा. पुढे झाडी, दाट. वर ढग, थांबलेले. मी अकरा वर्षांचे टोमणे साठवून आणले होते, त्यातला एकही मला काढता आला नाही. ताई ऐकत होती आणि गाडी चालवत होती.

शेवटचं वळण संपलं तेव्हा त्यांनी काच खाली केली. मग म्हणाले, "वेग कमी कर. बाजूला घे. गिअरमध्ये ठेव, हँडब्रेक ओढ."

ताईने हँडब्रेक ओढला.

"आता बघ," भाऊजी म्हणाले.